आईला आणायची गाडी

आई संध्याकाळी घरी कधी येणार हे त्या वर्षी आमच्या घरात घड्याळावर ठरत नव्हतं, एका जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनावर ठरत होतं. इंजिन चार सिलिंडरचं होतं, पण चारही एकदम चालतायत असे दिवस थोडे. कधी तीन चालायचे, कधी अडीच, असं काका म्हणायचा, आणि अडीच म्हणजे नेमकं काय हे त्याला विचारायची सोय नव्हती, कारण मग तो बॉनेट उघडून दाखवायला लागे. त्या गाडीचा मला मनापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही. हल्ली माझा मुलगा त्याच्या गाडीतून मला दवाखान्यात नेतो तेव्हा इंजिन चालू आहे की बंद हेच मला कळत नाही. गाडी घेतल्यापासून त्यानं तिचं बॉनेट एकदाही उघडलेलं नाही, आणि ते कुठून उघडतं हे त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही. पण सिग्नलला गाडी गप्प झाली की माझे खांदे आपोआप वर चढतात आणि मी कान देऊन बसते. गेली वाटतं बंद. मुलगा म्हणतो, ‘आई, निवांत बस की.’ त्याला काय सांगायचं?

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत तिची बरीच वर्षं गेली आणि मग तिची बदली शाहूवाडीकडच्या एका डोंगरावरच्या गावी झाली. भातशेतीचं गाव, कौलारू शाळा, पावसाळाभर धुकं. सकाळच्या बसनं वेळेवर पोचता यायचं, पण परतीची बस शाळा सुटायच्या आधीच निघून गेलेली असायची. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘मी तिथं खोली घेते. शनिवारी दुपारी येईन, सोमवारी पहाटे जाईन. बाकीच्या बाई तसंच करतात.’ आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुठलाही कागद त्यांच्या टेबलावर अडला तर अडलाच, पण घरात मात्र सगळं ताबडतोब निकालात निघायचं. ‘खोलीबिली काय न्हाय,’ ते म्हणाले. ‘माझ्या घरातली बाई डोंगरात एकटी ऱ्हाणार? लोकं काय म्हणतील?’ मी आप्पांच्या बाजूची होते. मी बारावीला होते, आई आठवडाभर नसली की घरातला सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात येणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात माझा स्वार्थ होता हे मी तेव्हाही लपवत नव्हते.

आप्पांनी त्यावर गाडी आणली. त्यांच्या कचेरीतले एक साहेब बदलून लांब चालले होते, त्यांची जुनी गाडी. मळक्या दुधी रंगाची, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, मागच्या एका दाराला आतून कडी नव्हती. ‘इंजिन एकदम कंडिशनमध्ये आहे,’ असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि साहेब म्हणाले म्हणजे आप्पांपुरता विषय संपला. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात तोपर्यंत कुणाची चारचाकी नव्हती. गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आईनं ओवाळलं, आणि ओवाळून होईपर्यंत इंजिन बंद पडलं. ‘पयलाच दिवस हाय,’ काका म्हणाला. ‘बुजलंय.’

गाडी चालवायला काका होता, आप्पांचा धाकटा भाऊ, शामराव. तो पैलवान. एका जत्रेतल्या कुस्तीत त्याचा गुडघा गेला आणि त्यानंतर तालमीत त्याला वस्ताद म्हणून कुणी बसवेना आणि लढायला तर तो जाऊ शकेना. लग्न झालं नव्हतं. दिवसभर काय करायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि घरातल्या वस्तूंना त्याचा त्रास व्हायचा. त्याच्या हातात जोर होता आणि त्या जोराला कुठं जायचं ते कळत नव्हतं. नळ बंद केला तर वायसर फाटायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण काकानं लावलं की ते फक्त काकालाच उघडायचं, त्यामुळं तो परगावी गेला की आम्ही लोणच्याशिवाय जेवायचो. आई त्याला कधी टाकून बोलली नाही. ‘शामूभावजी, हळू,’ एवढंच म्हणायची. तर गाडी आली आणि काकाला काम मिळालं. रोज सकाळी आईला शाहूवाडीला न्यायचं, दिवसभर तिथंच थांबायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. पेट्रोल किती जळतं याबद्दल बोलायला घरात बंदी होती.

सकाळचा आवाज मला अजून ऐकू येतो. आधी आईच्या भाकरीच्या थापा, चार वाजल्यापासून. मग तालमीतून जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार, तालीम आमच्या घराला लागूनच होती. मग बोळातून सेल्फचा आवाज, घ्याऽव घ्याऽव करत दमत जाणारा, आणि शेवटी नुसतं ‘टक’. त्यानंतर काका तालमीच्या दारात जाऊन हाक मारायचा, ‘या रं.’ लंगोटावर टॉवेल गुंडाळलेले, अंगाला लाल माती लागलेले सात-आठ पैलवान बाहेर यायचे आणि गाडी ढकलायला लागायचे. बोळातल्या सगळ्या बायका सडा घालता घालता थांबायच्या. आई मागच्या सीटवर मांडीवर पर्स आणि डबा धरून, पदर सारखा करून, समोर बघत बसलेली. एखादा पैलवान ओरडायचा, ‘वैनी, ब्रेकवरचा पाय काढा,’ आणि बाकीचे हसायचे. बोळाच्या टोकाला उताराला लागल्यावर गाडी एकदा आचका द्यायची, निळा धूर सोडायची आणि निघून जायची. पैलवान तसेच, म्हशी पिळून देतात त्या कट्ट्यावर, धारोष्ण दूध प्यायला जायचे. ‘मी शाळेला निघते का देवीच्या पालखीत बसते तेच कळत नाही,’ आई एकदा म्हणाली. आप्पा म्हणाले, ‘बॅटरी बदलू.’

बॅटरी बदलली. मग प्लग बदलले. मग कार्बोरेटर खोलून साफ केला, आणि तो परत बसवल्यावर एक लहान स्प्रिंग उरली ती अजून कुठल्यातरी डब्यात असेल. कोल्हापुरात इंजिन उघडून ठेवलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबतो, आणि थांबलेला प्रत्येक माणूस मिस्त्री असतो. पानपट्टीवाला म्हणायचा पॉइंटला पॉलिशपेपर मारा. समोरचे निवृत्त तलाठी म्हणायचे पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळा. सायकलवरून जाणारा एक अनोळखी गृहस्थ एकदा उतरला, काकाला म्हणाला, ‘पावणं, सरका जरा,’ आणि अर्धा तास इंजिनात हात घालून, आमच्याकडचा चहा पिऊन, ‘न्हाय बा, ह्यात माझा अंदाज चालंना,’ म्हणून निघून गेला. आप्पा स्वतः कधी हात काळा करायचे नाहीत. ते खुर्ची टाकून बसायचे आणि निदान करायचे. आई उशिरा आली, इंजिन. आई चिडली, इंजिन. आई जेवताना बोलली नाही, तेही इंजिनच.

संध्याकाळ त्याहून वाईट. मी आमटी करून ठेवायची, कधी पिठलं, भात लावायची, आणि मग बोळाकडे कान लावून बसायची. पानपट्टीच्या वळणावर गाडी आली की मला आवाजावरून कळायचं आज किती सिलिंडर चालू आहेत. बहुतेक दिवशी आवाजच यायचा नाही. आमटीवर साय धरायची. पुस्तक उघडं असायचं पण त्यातलं एक अक्षर डोक्यात जायचं नाही. मग कधीतरी आई चालत यायची, स्टँडपर्यंत कुणाच्या तरी ट्रकमधून आलेली, साडीला काळे डाग, आणि काका गाडीपाशी वाटेत कुठंतरी. आल्या आल्या हातपाय धुऊन ती पदर खोचायची आणि परात ओढायची. माझ्या भाकऱ्या जाड व्हायच्या आणि आप्पांना पातळ, फुगलेली, तव्यावरून थेट ताटात पडलेली लागायची. मग उद्याची भाजी निवडणं, मग वह्या तपासणं. हे सगळं त्या इंजिनामुळं होतंय अशी माझी खात्री होती. ते नीट चाललं असतं तर आई दिवेलागणीला घरी आली असती, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

पावसाळा संपता संपता रेडिएटरमधलं पाणी नाहीसं व्हायला लागलं. सकाळी भरावं आणि चढ चढून जाईपर्यंत आत खडखडाट. खाली गळती दिसायची नाही, मागून पांढरा धूर मात्र निघायचा. काकानं ऑइल बघायची पट्टी ओढून काढली तर तिला दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी लागलेलं. तेव्हा उद्यमनगरातले बंडू मिस्त्री आमच्या आयुष्यात आले. तोंडात तंबाखूचा बार, डोक्याला टोपी, आणि जगातल्या सगळ्या मालाबद्दल तक्रार. त्यांनी सांगितलं ते असं. इंजिनाच्या धडावर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणायचं. दोन्हींच्या मध्ये एक पातळ गॅस्केट असतं आणि वरून नट आवळून ते सगळीकडून सारखं दाबलेलं असतं. ते कुठं उचललं गेलं की पाणी आत शिरतं आणि इंजिन तापतं. त्यांनी नवं गॅस्केट घातलं आणि म्हणाले, ‘गाडी जरा फिरवा. गरम झाली की एकदा नट परत आवळून घ्यायला लागत्यात.’ चार दिवस गाडी छान चालली. आई उजेडात घरी आली, मी तिच्या हातची भाकरी खाल्ली, आप्पा बोळात पाठीमागं हात बांधून फिरले. पाचव्या दिवशी परत पांढरा धूर. मिस्त्री म्हणाले गॅस्केट बोगस, दुकानदार चोर. दुसरं घातलं. तेही उडालं. काका म्हणायचा मिस्त्री नट सैल ठेवतोय. मिस्त्री म्हणायचे तुम्ही गाडी तापिवताय. आप्पा म्हणायचे पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. तिघंही एकमेकांवर आवाज चढवून बोलायचे आणि मधे गाडी तोंड वासून उभी.

त्या शनिवारी आईच्या शाळेत तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. आईनं आठवडाभर रात्री जागून तक्ते रंगवले होते, ते सांभाळून न्यायला कुणीतरी हवं होतं. ‘मी पण येतो,’ मी म्हणाले. कोल्हापुरात मुलीही असंच बोलतात. पुढं पुण्यात मैत्रिणींनी हसून हसून मला ते सोडायला लावलं. शनिवारची सकाळची शाळा, त्यामुळं आम्ही अंधारातच निघालो. तिसरं गॅस्केट नुकतंच घातलेलं होतं आणि बांबवड्यापर्यंत गाडी इतकी गुणी मुलीसारखी चालली की काका गुणगुणायला लागला. मलकापूरच्या पुढं चढ सुरू झाला. काकाचं गुणगुणणं थांबलं. तो समोरच्या, इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर बोटानं टकटक करायला लागला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली, गाडी दोनदा खोकली आणि एका वळणावर उभी राहिली. दोन्ही बाजूला पिवळं पडत चाललेलं भात आणि त्यावर दव, आणि वाफेचा तो सूंऽऽ आवाज. मला रडू येत होतं, रागाचं.

काकानं बॉनेट वर केलं. सीटखालून त्यानं पाना काढला, आणि त्याच्या मागून हातभर लांबीचा लोखंडी पाइप. तो पाइप मी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं तो पान्याच्या दांडीवर चढवला.

‘हे कशाला?’ आईनं विचारलं. ती खाली उतरली होती.

‘पाइप घातला की जोर बसतोय वैनी. नट आवळतो. पाच मिनटात निघू.’

‘तुम्ही हे आधीही केलंय?’

‘तर. दर रविवारी करतोय की. मिस्त्रीनंच सांगिटलंय, गरम झालं की आवळायचं.’

‘एकदा आवळायचं म्हणाले होते ते. मी तिथं उभी होते.’

काकानं तिच्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. ‘एकदाच जोर मारून कोन पैलवान झालाय का वैनी? घट्ट असलेलं कधीबी चांगलंच.’ आणि दुखरा गुडघा बंपरला टेकवून त्यानं अंगातला सगळा जोर पाइपवर टाकला. कडक सुपारी फुटावी तसा आवाज झाला. काका पाइपसकट मागं रस्त्यावर बसला. हेडमधून वर आलेला बोल्ट नटासकट तुटून पान्यात अडकला होता. काका त्या तुकड्याकडं बघत बसून राहिला. उठला नाही. एवढा मोठा माणूस रस्त्यात तसा बसलेला बघून एरवी मला वाईट वाटलं असतं, पण त्या क्षणी मला त्याच्या हातातला तो पाइप घेऊन खाली भातात फेकून द्यावासा वाटला. इतके आठवडे आम्ही ज्याची त्याची अक्कल काढत होतो, आणि दर रविवारी मटण शिजत असताना हा माणूस प्रेमानं, मन लावून, गाडी मोडत होता.

आईनं तक्त्यांची गुंडाळी माझ्या हातातून घेतली, चप्पल झटकली आणि चढानं चालायला लागली. मी मागोमाग. ‘वैनी, जरा थांबा की,’ काका बसल्या जागेवरून म्हणाला. तिनं वळून बघितलं नाही. बऱ्याच वेळानं मागून वडापची, माणशी पैसे घेऊन नेणारी जीप आली, कोंबड्या आणि दुधाच्या किटल्यांसकट भरलेली. त्यात आम्ही कशाबशा घुसलो. तक्ते चुरगळले. शाळेत पोचलो तेव्हा साहेब आईच्याच वर्गात बसून मुलांना पाढे विचारत होते आणि मुलं गप्प. हेडमास्तर दारातच हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, आजच्या दिवशी तरी.’ साहेबांनी आईच्या साडीकडं, तिच्या हातातल्या चुरगळलेल्या गुंडाळीकडं बघितलं आणि विचारलं, ‘तुम्ही स्वतःच्या गाडीनं येता ना?’ विचारण्यात काही वाईट नव्हतं. पण आईचे कान लाल झाले ते मला शेवटच्या बाकावरून दिसलं. शाळा सुटल्यावर ती मला घेऊन गावात एका घरी गेली. तिथल्या म्हाताऱ्या काकूंनी न विचारता कुलूप काढून एक खोली दाखवली. आईनं ती आधीच बघून ठेवलेली होती. सोमवारपासून ती तिथं राहायला लागली. आप्पा नाही म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या नाही म्हणण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण न्यायला आणायला गाडीच नव्हती.

पुढचे दिवस मी नीट आठवायचं टाळते. घरात तीन माणसं आणि तिघंही एकमेकांवर रागावलेली. मी करपलेल्या भाकऱ्या करायची, आप्पा त्यांचे कडे काढून ताटाबाहेर ठेवायचे, ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. काका तालमीत जायचा बंद झाला. पोरांनी विचारलं असणार, आज ढकलायची न्हाय व्हय? गाडी ओढून उद्यमनगरात नेली होती. एक दिवस काकाचा डबा द्यायला मी तिथं गेले तर बंडू मिस्त्री हेड उलटं करून त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरून बसले होते. पट्टीखालून उजेड दिसत होता.

‘ह्यो हेड न्हवं, पापड झालाय,’ मिस्त्री म्हणाले. ‘कोन आवळतंय हे?’

‘मी,’ काका म्हणाला.

मिस्त्री उठले. मला वाटलं आता भांडण. पण ते थुंकून आले आणि म्हणाले, ‘तुम्ही आवळला त्यो गाढवपणा. पर बोल्ट ताणल्यात हे गॅस्केट घालताना मला दिसाय पायजे हुतं, आनि मी दुकानदाराला शिव्या देत बसलोतो. दोघंबी सारखंच.’ त्यांनी हेड लेथवाल्याकडं नेऊन सपाट करून आणलं, सगळे बोल्ट नवे घातले, आणि कुणाकडून तरी मागून एक पाना आणला जो ठरावीक जोर झाला की ‘कट्’ असा आवाज करायचा. तो पाना काकाच्या हातात देऊन त्यांनी त्याला एक नट आवळायला लावला. काकानं नुकता हात लावला असेल नसेल, ‘कट्’ झालं.

‘एवढंच?’ काका म्हणाला.

‘एवढंच.’

‘ही पोरगी बी आवळंल की.’

‘मग तिला सांगा हितनं म्होरं,’ मिस्त्री म्हणाले. काका तो पाना हातात उलटसुलट करत राहिला. आपल्या अंगातल्या जोराचा ह्या कामात काहीच उपयोग नाही हे त्याला पटायला जड जात होतं, आणि मला त्याचा राग आला असूनही त्याच्याकडं बघवेना.

इंजिन चाललं. चारही सिलिंडर, एका लयीत, बोळात उभी असली तर शेजारच्यांना कळायचं नाही. काका रोज नुसताच पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा, काटा हललेला नसायचा, आणि येऊन तो बॉनेटला हातही लावायचा नाही. आप्पांची खुशी बघण्यासारखी होती. त्यांनी तालमीतल्या पोरांना पेढे वाटले. सोमवारपासून आई रोज घरी येणार हे त्यांनी बोळात जाहीर केलं, रविवारसाठी मटण सांगून ठेवलं, पांढरा रस्सा आईच्या हातचाच हवा म्हणून खोबरं आणलं. मीही परात घासून पालथी घातली, आता मला त्या परातीचं तोंड बघायचं नाही म्हणून. आईला विचारायला हवं हे आमच्यातल्या कुणाच्याच मनात आलं नाही. विचारायचं काय त्यात? गाडी दुरुस्त झाली होती.

शनिवारी दुपारी काका आणि मी तिला आणायला गेलो. ज्या वळणावर बोल्ट तुटला होता ते वळण गाडीनं टॉप गिअरमध्ये घेतलं. आई खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, न्हाऊन, केस मोकळे सोडून, उन्हाला पाठ करून. घरी तिचं न्हाणं म्हणजे रविवारी दोन कामांच्या मध्ये चार तांबे. आत एक स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट, भिंतीला ते चुरगळलेले तक्ते इस्त्री करून लावलेले. ती जरा भरल्यासारखी दिसत होती. काकानं मुद्दाम इंजिन बंद केलं नाही.

‘वैनी, ऐका,’ तो म्हणाला. ‘चारी चालत्यात.’

आईनं मान तिरकी करून ऐकलं. खरोखर ऐकलं. ‘छान झालं,’ ती म्हणाली. ‘भावजी, मनापासून सांगते, छान केलंत.’

‘मग सोमवारपास्नं सकाळी साडेसहाला निघू. ढकलायचं काम न्हाय आता.’

‘सोमवारी मला सोडा. आणि परत शनिवारी या.’

‘रोजचं म्हणतोय मी. आता बंद पडत न्हाय ती.’

‘म्हणून तर सांगावं लागतंय,’ आई म्हणाली. ‘बंद पडत होती तोवर मला काही सांगायची गरजच नव्हती.’

काकाला कळलं नाही. मला कळलं, आणि कळल्याबरोबर माझं डोकं फिरलं. ‘आणि आम्ही?’ मी म्हणाले. ‘माझी परीक्षा हाय. आप्पा नीट जेवत न्हाईत. तिकडं काय चाललंय तुला माहीत तरी हाय का?’

‘तुम्ही तिघं आहात, नंदा,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘मी इथं शाळा सुटली की चहा करते आणि तो बसून पिते. वह्या उजेडात तपासते. एका माणसाचा भात लावते. मग झोप आली की झोपते. इतक्या वर्षांत मला झोप कधी येते हेच माहीत नव्हतं, ती आठालाच येते. शनिवार-रविवार मी घरी असेन, सगळं करीन. बाकीचे दिवस मला इथं राहू द्या.’

येताना तिघंही बोललो नाही. पूर्वी त्या रस्त्यावर बोलायला इंजिन तरी असायचं. तापलंय का, वास येतोय का, थांबू या का. आता ते मुकाट चालत होतं आणि आम्हाला विषय नव्हता. आई मागं खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी पुढं बसून रडत होते आणि काका काट्याकडं बघत होता, जो हलत नव्हता. आई निवृत्त होईपर्यंत त्या खोलीवर राहिली. बदलीचा अर्ज करता आला असता, तिनं केला नाही. गाडीही नंतर कितीतरी वर्षं विनातक्रार चालली. काकानं तिच्यावर लग्नाची, हुपरीच्या चांदीवाल्यांची भाडी मारून स्वतःचं पोट काढलं. मी माझ्या परीक्षेत पास झाले, भाकरीही पातळ यायला लागली. पण आईचं ते बोलणं मला समजलं म्हणून मी ते सोडून दिलं असं काही झालेलं नाही. मी आता तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ मोठी आहे, तिचं बरोबर होतं हे कुणालाही सांगेन, आणि तरी त्या दुपारचा माझा राग तसाच शिल्लक आहे.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पा बोळातच उभे होते, धुतलेला सदरा घालून. ‘कशी काय चालली?’ त्यांनी विचारलं. ‘चढावर काटा हालला न्हाय,’ काका म्हणाला. ‘मग सोमवारी किती वाजता?’ आई चपला काढून आत गेली. काका बॉनेट उघडून त्यात वाकला, बघण्यासारखं आत काही नसताना. त्यामुळं मलाच सांगावं लागलं. रोज नाही येणार म्हणतेय, शनिवारीच येईन म्हणतेय, तिला तिथंच बरं वाटतंय. आप्पांनी ऐकून घेतलं. मग ते गाडीजवळ गेले, चालू इंजिनावर जरा वेळ हात धरला, कान लावला, आणि काकाला म्हणाले, ‘कायतरी ऱ्हायलं असंल अजून ह्यात. मिस्त्रीला परत एकदा दाखवून घे.’